मला माहीत होतं

ग्रेटा टियार्टला आम्ही मंडळीबाहेर काढलं ते एकोणीसशे सदुसष्टच्या जूनमध्ये, शेतात बीटाची विरळणी चालू असताना. ‘आम्ही’ म्हणते, कारण वर झालेल्या हातांत माझाही हात होता. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. ते चार वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर मी जे केलं ते हात वर करण्याहून वाईट होतं.

आमचं गाव तेव्हाच्या रशियन राज्यात, किरगीझ मुलुखात, चू नदीच्या खोऱ्यात. दक्षिणेला बर्फाचे डोंगर, गावात निम्मे आम्ही जर्मन, निम्मे किरगीझ. घरात आम्ही आमची जुनी जर्मन बोलायचो, कामावर रशियन, आणि भांडायची वेळ आली की किरगीझ, कारण शिव्या त्या भाषेत चांगल्या आहेत. माझा नवरा कॉर्नेलियुस रायमर, म्हणजे कॉर्नी, साखर कारखान्यात लेथवर होता आणि मंडळीचं गायन बसवायचा. आमच्या ख्रिस्ती मंडळीला सरकारची परवानगी नव्हती. दर रविवारी वेगळ्या घरात जमायचं, खिडक्यांना घोंगड्या लावायच्या आणि दबक्या आवाजात गायचं. दबक्या आवाजात चार सुरांचं गाणं बसवणं सोपं नसतं. कॉर्नीला ते जमायचं.

ग्रेटा माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण गावात माझी खरी मैत्रीण ती एकच. गाताना आम्ही दोघी खालच्या सुरात, खांद्याला खांदा लावून. ती सव्वीस वर्षांची होती, पोस्टात पत्रं निवडायची, हायनरिख एपशी लग्न ठरलेलं होतं. तोंडानं फटकळ. वडीलधारी माणसं तिच्यापासून जरा लांबच असायची, आणि मला तीच गंमत वाटायची.

आमचा प्रचारक इसाक वाल मधमाश्या पाळायचा. हातानं टाइप केलेली शुभवर्तमानं आणि गाण्यांच्या वह्या तो मधाच्या पेट्यांच्या तळाशी, दुहेरी फळीखाली ठेवायचा. हे सात जणांना माहीत होतं. त्यात कॉर्नी होता आणि ग्रेटाही होती, कारण शाईची फीत तीच पोस्टातून आणायची. मे महिन्यात चार माणसं मोटारीतून आली. त्यांनी घर उचकटलं नाही, तळघर पाहिलं नाही. सरळ परसात गेली, धूर केला आणि तिसरी आणि पाचवी पेटी उलटी केली. बाकीच्या पेट्यांना हातही लावला नाही. इसाकला पाच वर्षांची शिक्षा झाली. अडीच वर्षांनी त्याच्या बायकोला, टिनाला, उत्तरेकडच्या छावणीतून चार ओळींचं पत्र आलं, की पोटाच्या दुखण्यानं गेला. देह दिला नाही.

सातांतला एक फुटला होता, हे उघड होतं. आणि धाड पडायच्या आठवडाभर आधी ग्रेटा पोलिसाच्या जीपमध्ये बसलेली दिसली होती.

थीसनच्या गोठ्यात सभा भरली. याकोब थीसन आमचा वडील, म्हणजे मंडळीचा प्रमुख. प्रामाणिक माणूस होता, कष्टाळू होता, आणि आपण चुकू शकतो हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

“जीपमध्ये कशाला बसली होतीस?” त्यानं विचारलं.

“शेजारची बुबूश अपा रक्त ओकत होती. रस्त्यात जीप दिसली, हात केला. डॉक्टरला घेऊन आले. अपाला विचारा.”

“बुबूश मुसलमान आहे. मंडळीच्या कामात तिची साक्ष कशी घेणार?”

“मग डॉक्टरला विचारा.”

“डॉक्टर पक्षाचा माणूस.”

“मग राहिली कोण? जीप. तिलाच आणून उभी करते.”

मागे कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं तिचा घात केला. थीसनचा चेहरा दगडासारखा झाला. तो म्हणाला, इसाकभाऊ तुरुंगात आहे आणि हिला विनोद सुचतात. मग त्यानं बाकीच्या सहा जणांना एकेक करून विचारलं. कॉर्नीची पाळी आली. तो उभा राहिला, टोपी हातात फिरवत म्हणाला, “मला काही म्हणायचं नाही,” आणि खाली बसला. मला वाटलं, भला माणूस आहे, पडलेल्या बाईवर दगड उचलवत नाही त्याच्यानं.

हात वर झाले. हायनरिख एपचाही झाला. शरद ऋतूत त्यानं दुसऱ्या गावची मुलगी केली.

आमच्याकडे मंडळीबाहेर काढणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नीट कळत नाही. मारझोड नाही, शिव्या नाहीत. फक्त तिला कुणी ओ देत नाही, तिच्याबरोबर कुणी जेवत नाही, तिच्या हातचं पाणी घेत नाही. उपासनेला येऊन तिनं शेवटच्या बाकावर बसावं आणि प्रभुभोजनाची भाकर निघाली की उठून जावं. पाप कबूल केलं तर परत घेणार. थीसन दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधी तिच्या फाटकाशी जायचा.

“तयार आहेस?”

“कशाला?”

“कबुलीला.”

“काय कबूल करू ते लिहून आणलंय का तुम्ही? मला आठवत नाही.”

तो मान हलवत परत यायचा आणि तिच्या कठोर हृदयासाठी प्रार्थना सांगायचा. आम्ही डोळे मिटून आमेन म्हणायचो. ग्रेटानं गाव सोडलं नाही. दर रविवारी आली, शेवटच्या बाकावर बसली, भाकर निघाली की उठून गेली. तिला आसरा होता तो बुबूश अपाचा; थोरल्या बाईला किरगीझ लोक अपा म्हणतात. अपा तिला लेक म्हणायची आणि आमच्या बायका नाल्यावर भेटल्या की ऐकू जाईल असं म्हणायची, “यांचा देव फार मोठा, पण मांडव फार लहान बाई.”

एकाहत्तर साली आमच्या हान्सला राजधानीत इंजिनियरिंगला जागा मिळाली. खोऱ्यातल्या कुठल्याही मंडळीतल्या पोराला तोवर अशी जागा मिळाली नव्हती. आमच्या पोरांच्या कागदावर ‘धर्मवेड्या घरातला’ असा शेरा असायचा आणि तिथंच गोष्ट संपायची. पहिले दोन दिवस मी आनंदात होते. तिसऱ्या दिवशी आम्ही बागेत आलूबुखार उतरवत होतो, कॉर्नी शिडीवर आणि मी खाली टोपली धरून.

“कॉर्नी, हान्सला जागा कशी मिळाली रे?”

“मार्क चांगले होते.”

“थीसनच्या पोराला त्याच्याहून चांगले होते. तो ट्रॅक्टर चालवतोय.”

तो शिडीवरून उतरला, सावकाश, एकेक पायरी. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सदुसष्टच्या वसंतात शहरातल्या कचेरीतून एक माणूस कारखान्यात आला होता. त्यानं टेबलावर कागद ठेवला. धर्मवेड्या आईबापांची मुलं काढून सरकारी वसतिगृहात ठेवण्याचा हुकूम होता तो. हान्सचं आणि लीझेचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. तारखेची जागा तेवढी रिकामी.

“त्यानं विचारलं, वाल पुस्तकं कुठं ठेवतो. मी म्हटलं, मला माहीत नाही. मग त्यानं तारीख घालायला पेन उघडलं.”

“मग?”

“मग मला माहीत होतं.”

मी टोपली खाली ठेवली. “त्यानंतर?”

“दोनदा आला. बारीकसारीक. कोण बाप्तिस्मा घेणार, कुणाच्या घरी जमायचं, असलं. हान्सच्या जागेचं मी मागितलं नव्हतं. त्यानं आपणहून केलं. बक्षीस म्हणून असेल.” त्याचे हात रसानं लाल झाले होते आणि तो ते विजारीला पुसत होता. “आगाता, मी आज थीसनकडे जातो. तू विचारशील याचीच वाट बघत होतो. चार वर्षं बघतोय.”

तो खरंच निघाला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यानं स्वतः हे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यानं फाटकाची कडी काढली होती. मी धावत जाऊन त्याच्या बाहीला धरलं.

मी म्हटलं, हान्सची जागा जाईल. लीझेला कोण करून घेईल? टिना वाल आपल्या दारात येऊन थुंकेल. मुलांना शाळेत सरकारवाले छळतात, आता मंडळीवालेही छळतील. इसाक तर गेलाच, तू सांगून तो परत येणार आहे का?

“आणि ग्रेटा?” तो म्हणाला.

मी म्हटलं, “ग्रेटा एकटी आहे. तिला कुठं मुलंबाळं आहेत?”

हे वाक्य माझं आहे. कचेरीतल्या माणसानं ते माझ्या तोंडात घातलं नव्हतं, माझ्यापुढे कुणी कागद ठेवला नव्हता. कॉर्नीनं माझ्याकडे पाहिलं आणि फाटकाची कडी परत लावली. त्या दिवशी आम्ही उरलेले आलूबुखार उतरवले आणि मी त्यांचा मुरंबा केला.

त्यानंतर अठरा वर्षं गेली. अठ्ठ्याहत्तरला परवानगी मिळाली आणि आम्ही प्रार्थनाघर बांधलं. गावातल्या प्रत्येक घरानं विटा दिल्या. ग्रेटानंही हातगाडीवर घालून आणल्या. विटा आम्ही घेतल्या. ऊन मी म्हणत होतं, बायका कामकऱ्यांना ताक वाटत होत्या, आणि ताकाचं भांडं माझ्याच हातात होतं. तिनं भांड्याकडे पाहिलं नाही. रिकामी गाडी वळवली आणि निघून गेली. कॉर्नी गायन बसवत राहिला. प्रभुभोजन घेत राहिला. मीही घेत राहिले. घशात अडकत नाही ती भाकर, बरं का. लोकांना वाटतं अडकत असेल. नाही अडकत.

एकोणनव्वदला कॉर्नीच्या छातीत दुखलं. महिनाभर इस्पितळात होता. गावात तेव्हा सगळी बांधाबांध चालली होती. जर्मनीला जायची वाट मोकळी झाली होती, दर आठवड्याला एखादं घर रिकामं व्हायचं, गायी किरगीझ शेजाऱ्यांच्या दावणीला जायच्या. इस्पितळातून आल्यावर कॉर्नी मला म्हणाला, “हे घेऊन मी विमानात चढणार नाही.” या वेळी मी बाहीला धरलं नाही. हान्सला नोकरी होती, लीझेचं लग्न झालं होतं. माझी कारणं संपली होती.

थीसनच्या घरी मी बरोबर गेले. पुरुष पुढच्या खोलीत बसले, मी स्वयंपाकघरात थीसनच्या बायकोबरोबर शेंगा सोलायला. दार पुरतं लागत नव्हतं. कॉर्नी बोलत होता आणि आम्हा दोघींना शब्दन् शब्द ऐकू येत होता. पेट्यांचं सांगितलं. कागदाचं सांगितलं. मग म्हणाला, “आगाताला यातलं काही माहीत नाही. तिला मी घरी जाऊन सांगेन.”

थीसनच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी हातातली शेंग खाली टाकली. ती पडली नाही, मी टाकली. तोंडावर हात ठेवला. ती बिचारी उठली आणि मला पाणी द्यायला लागली.

मग थीसन म्हणाला, “भाऊ, देवाला सांगितलंस ना?”

“रोज सांगतो.”

“मग झालं की. त्यानं पुसून टाकलं. टिना वाल पुढच्या महिन्यात जर्मनीला निघालीय, म्हातारपणी तिला कशाला हे? मंडळी विखुरतेय. शेवटी शेवटी भांडणं नकोत.”

“आणि ग्रेटा?”

“ग्रेटानं सोसलं. देव तिला त्याचं फळ देईल.”

“थीसन, तिला काढायचा ठराव तू मांडला होतास.”

“मी आंधळा होतो का? पुरावा होता.” त्याचा आवाज चढला. “तू तिथंच बसला होतास, टोपी हातात घेऊन. तेव्हा का नाही बोललास?”

दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि आम्ही घरी आलो.

पण कॉर्नीनं ऐकलं नाही. पुढच्या रविवारी, गाणं संपल्यावर, तो गायकांसमोरून वळला आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हा दीडशेच्या आसपास माणसं उरली असतील. त्यानं सगळं सांगितलं, लपवालपवी न करता, इसाकचं नाव घेऊन, ग्रेटाचं नाव घेऊन. शेवटी म्हणाला, “माझ्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.” आणि रडू लागला.

मग टिना वाल उठली. सत्तरीची बाई, पाठीत वाकलेली. ती त्याच्यापर्यंत चालत गेली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. झालं. मग सगळी मंडळी उठली. बाप्ये त्याला मिठ्या मारू लागले, बायका रुमालानं डोळे टिपू लागल्या, मागून कुणीतरी गाणं उचललं. इतकी गोड उपासना आमच्याकडे वर्षानुवर्षं झाली नव्हती, असं लोक नंतर म्हणत होते. माझ्याही गळ्यात दोघी-तिघी पडल्या. मी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होते.

ग्रेटा शेवटच्या बाकावर बसली होती, हात मांडीवर. तिच्याकडे कुणी गेलं नाही. दुष्टपणा नव्हता तो. बावीस वर्षांची सवय होती. तिकडे जायचं असतं हे पायांना माहीतच नव्हतं. थीसननं भाकरीवरचं फडकं काढलं. ग्रेटा उठली, डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि नेहमीसारखी बाहेर गेली. तिला कुणी थांब म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मग आम्ही भाकर मोडली, आणि पहिला तुकडा कॉर्नीला दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉर्नी आणि मी तिच्याकडे गेलो. ती बुबूश अपाच्या अंगणात तंदुरात नान लावत होती. अपा सावलीत पडून होती, फार म्हातारी झालेली. आम्हाला पाहून ग्रेटानं हात धुतले.

“बसा,” ती म्हणाली. “चहा घेणार का? विचारावं लागतं. माझ्याकडचा चहा तुमच्या लोकांना चालतो की नाही, नवीन नियम मला कुणी कळवले नाहीत.”

कॉर्नी बसला नाही. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर गेला, त्या मातीत. ती एकदम मागे सरकली.

“उठा. अपा घाबरेल.”

“ग्रेटा, मला क्षमा कर.”

“करायची असते, मला माहीत आहे. दर रविवारी त्याच बाकावर बसून ऐकलंय मी, बावीस वर्षं.” “तुमची मुलं नेणार होते. मला कुणी तसा कागद दाखवला असता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. केली क्षमा. उठा आता.”

तो उठला. रडत होता, पण चेहरा हलका झाला होता, ताप उतरलेल्या माणसासारखा. तिनं चहा ओतला. मग पेला माझ्यापुढे ठेवता ठेवता विचारलं, “आगाता, तुला माहीत होतं?”

मी तोंड उघडलं. माझ्याआधी कॉर्नी बोलला. “नाही नाही. तिला काही माहीत नव्हतं.”

ग्रेटा माझ्याकडेच पाहत होती. मी पेल्याकडे पाहिलं. अपा झोपेत काहीतरी पुटपुटली. एवढ्यावर ते गेलं.

आठवड्याभरानं थीसननं दोन बंधूंबरोबर तिच्याकडे कागद पाठवला, की मंडळी तिच्यावरची शिस्त, म्हणजे बहिष्कार, मागे घेत आहे. ती म्हणाली, शिस्त कसली? चूक झाली असं लिहा. त्यांनी सांगितलं, मंडळी चुकली नाही, मंडळीला चुकीची माहिती मिळाली. तिनं कागद परत दिला आणि म्हणाली, मग बरोबर माहिती मिळाली की या. ते परत गेले नाहीत. त्यानंतर आमच्यातलं कुणी असेपर्यंत ती प्रार्थनाघरात आली नाही.

आम्ही नव्वदच्या मार्चमध्ये जर्मनीला आलो. आणि तिथं एक विचित्र गोष्ट झाली. कॉर्नीची कबुली आमच्याआधी तिथं पोचली होती. एका मंडळीनं त्याला साक्ष द्यायला, म्हणजे आपली गोष्ट सगळ्यांपुढे सांगायला, बोलावलं, मग दुसरीनं, मग तरुणांच्या शिबिरांनी. बारा वर्षं तो फिरला. त्याला आवडायचं असं नाही म्हणणार मी, पण नकोही म्हणायचा नाही. पश्चात्ताप म्हणजे रायमरभाऊ, असं झालं होतं. लोक त्याच्या साक्षीत रडायचे, आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणायचे, तुम्ही किती सोसलंत त्यांच्यापायी. मी म्हणायचे, देवाची कृपा.

घरी मी त्याला एकदाच म्हटलं, “माझंही सांगून टाकू का?”

तो म्हणाला, “मी इतक्या ठिकाणी सांगितलंय की तुला माहीत नव्हतं. आता तू बोललीस तर मी पुन्हा खोटा ठरेन.” मग म्हणाला, “तेवढी खोटी गोष्ट मी तुझ्यासाठीच बोललो ना?”

मी पुन्हा विषय काढला नाही. आम्ही एकमेकांना असं धरून ठेवलं होतं.

तो दोन हजार दोन साली गेला. पुढच्या मे महिन्यात मी एकटी गावी गेले. सत्तर वर्षांची होते. मुलांना सांगितलं, आईबापांच्या कबरी बघून येते. आमच्या घरात आता किरगीझ कुटुंब आहे, चांगली माणसं, बाग राखलीय. बुबूश अपा कधीच वारली होती आणि तिचं घर ग्रेटाला ठेवून गेली होती. ग्रेटा ओट्यावर बसून शेवया कापत होती. केस पांढरे, हात तेच. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

“कॉर्नेलियुस गेले, ऐकलं,” ती म्हणाली. “बस.”

ती इकडचंतिकडचं सांगत राहिली. प्रार्थनाघरात आता किरगीझ पोरांची नवीन मंडळी जमते, पंधरा-वीस जण. ही त्यांना गाणं शिकवते. “त्यांना आमची काही गोष्ट माहीत नाही. मला पहिल्या बाकावर बसवतात, म्हातारी म्हणून.”

मी म्हटलं, “ग्रेटा, मला माहीत होतं. एकाहत्तरपासून.”

सुरी चालत राहिली. “त्या दिवशी विचारलं होतं मी.”

“हो.”

“कॉर्नेलियुस सांगणार होते का आधी?”

“एकाहत्तरलाच. फाटकापर्यंत गेला होता. मी अडवलं.”

“का?”

“हान्सची जागा होती. लीझेचं लग्न व्हायचं होतं.”

“ते कसंही झालंच असतं. आणखी काय म्हणालीस?”

तिनं असं का विचारलं, मला माहीत नाही. न सांगताही चाललं असतं. पण मी एवढ्या लांब त्याच वाक्यासाठी आले होते. मी सांगितलं. “मी म्हटलं, ग्रेटा एकटी आहे, तिला कुठं मुलंबाळं आहेत.”

आता सुरी थांबली. ग्रेटानं शेवया पिठात घोळवल्या, ताटात पसरल्या, हात झटकले. सगळं अगदी नीट केलं.

“एकाहत्तर साली मी तीस वर्षांची होते, आगाता,” ती म्हणाली. “तीस वर्षांच्या बाईला मुलं होतात.”

मी रडू लागले. तिनं मला रडू दिलं, जवळ आली नाही.

“क्षमा मागायला आलीस ना?”

“हो.”

“नाही करत. त्यांना केली, तुला नाही करत. निदान आज तरी नाही. करायला हवी हे मला ठाऊक आहे, मी माझं देवाशी बघून घेईन. तू त्यात पडू नकोस.” मग, कोरड्या आवाजात, “मला सांगितलंस ते सोपं होतं. मी इथं डोंगरात, मला कोण विचारतं? तिकडे जाऊन तुझ्या पोरांना सांग.”

तिनं मला जेवायला वाढलं. तिचं सूप मी खाल्लं. संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले.

परत आल्यावर मंडळीतल्या पाळकाकडे गेले. तरुण आहे, आमच्याच खोऱ्यातल्या एकाचा नातू. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाला, “आजी, रायमरआजोबांच्या साक्षीची पुस्तिका आपण छापायला दिलीय. पहिल्या पानावरच आहे, पत्नीलाही माहीत नव्हतं म्हणून. आता हे... तुम्ही लिहून द्या, आम्ही मंडळीच्या वडिलांच्या बैठकीत घेऊ.” मी लिहून दिलं. बैठक झाली की नाही, कळलं नाही. पुस्तिका आली. तिच्यात ते वाक्य आहे.

मग मुलांना सांगितलं. हान्स म्हणाला, “आई, आता कशाला?” थीसनचा आवाज काढून बोलल्यासारखा म्हणाला, त्याला कळलंही नाही. मग उठून त्यानं कॉफी केली आणि मोटारीच्या विम्याचं बोलू लागला.

लीझेनं विषय बदलला नाही. ती आता चव्वेचाळीस वर्षांची, तिला तीन मुलं. ती म्हणाली, “शाळेतून येताना टियार्टमावशी मला हाक मारायची. तू माझा हात दाबायचीस आणि पुढे न्यायचीस. मी बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत.”

“हो.”

“तेव्हा तुला माहीत होतं.”

“शेवटी शेवटी, हो.”

“का केलंस, आई?”

“तुझ्यासाठी. तुम्हा दोघांसाठी.”

तिनं कोट उचलला. दाराशी थांबून, आवाज न चढवता म्हणाली, “माझं नाव त्यात घालू नकोस. बाबांनी माझ्यासाठी केलं असेल, माझं नाव त्या कागदावर होतं म्हणतात. तू केलंस तेव्हा कुणी कागद ठेवला नव्हता.”

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिचं तिनं ओळखलं.

ती गेली. नाताळला तिचं कार्ड आलं, त्यावर तिच्या नवऱ्याचं अक्षर होतं. ग्रेटाला मी दर महिन्याला पत्र लिहिते. उत्तर येत नाही, पण पत्रं परतही येत नाहीत.